भरपाईच्या सूत्रात मच्छीमार कुठे आहे?

स्वच्छ पर्यावरणात जगण्याचा हक्क हा आता मानवी हक्क आहे, हे वाक्य गेल्या तीन-चार वर्षांत तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. बातमीत, एखाद्या निकालात किंवा वकिलांच्या प्रशिक्षणाच्या पत्रिकेत. आज या वाक्याची थोडी झडती घ्यायची आहे, आणि तीही तारापूरच्या सांडपाण्याच्या नळापाशी बसून. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता औद्योगिक सांडपाण्यावर पीएच.डी. चालू आहे. पण पालघर कोर्टात वकिली करणारी एक मैत्रीण अधूनमधून प्रयोगशाळेचे अहवाल घेऊन येते आणि विचारते, "हा सीओडी म्हणजे नक्की काय, आणि त्याचे पैसे कसे होतात?" पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. दुसऱ्या अर्ध्यासाठी निकाल वाचायला लागले, आणि वाचता वाचता माझं काही गोष्टींवर ठाम मत झालं. ते इथे मांडते.

आधी हक्काची गोष्ट भराभर सांगते, कारण ती बहुतेकांना माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरणाच्या हक्काला मान्यता दिली. ४३ देश बाजूने, विरोधात कोणी नाही आणि चार तटस्थ. त्या चारांत चीन, रशिया, जपान आणि आपण. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०२२ ला, आमसभेने तोच हक्क १६१ मतांनी मान्य केला, तेव्हा मात्र भारताने बाजूने मत दिलं. एप्रिल २०२४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडमधल्या वयस्कर महिलांच्या संघटनेचा दावा मान्य केला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलावरच्या सल्लागार मतात सांगितलं, की निरोगी पर्यावरण नसेल तर बाकीचे मानवी हक्कही उपभोगता येत नाहीत.

आपल्याकडे हे नवीन नाहीच. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा अनुच्छेद २१ मध्ये येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुभाष कुमार प्रकरणात म्हटलं होतं. मार्च २०२४ च्या एम. के. रणजितसिंह निकालात त्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याच्या हक्काची भर पडली, अनुच्छेद १४ आणि २१ मिळून. जाता जाता एक गंमत सांगते. हा हक्क ज्या निकालात जन्माला आला, त्याच निकालाने माळढोकासाठी विजेच्या तारा जमिनीखालून नेण्याचा २०२१ चा आदेश सैल केला. हक्क मोठा झाला आणि संरक्षण लहान झालं, दोन्ही एकाच कागदावर. याला कारणं होती, सौरऊर्जेची गरज खरी आहे, ते सगळं मान्य. पण हक्काच्या वाक्याची लांबी मोजून निकालाचं माप काढू नये, एवढं यातून दिसतं.

आता तारापूर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तारापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर १९६९ चं अणुवीज केंद्र येतं. मी बोलतेय ते तारापूर एमआयडीसीबद्दल, जी नावाने तारापूरची असली तरी आहे बोईसरला. रेल्वे स्टेशनवरून पश्चिमेला निघालात की दहा-पंधरा मिनिटांत वास सांगतो की पोचलात. औषधं, रंग, कापडप्रक्रिया, कीटकनाशकं, पोलाद असं सगळं आहे. त्यातल्या रासायनिक सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र आहे, म्हणजे सीईटीपी. जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर. तिथून पाणी नवापूरच्या समुद्राकडे जातं. आणि नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी या किनाऱ्यावर मांगेला आणि इतर मच्छीमार समाजांची गावं आहेत. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तेव्हा सगळ्यात आधी ज्या बंदराचं नाव लोकांच्या तोंडी आलं ते सातपाटी.

२०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. क्षमतेपेक्षा जास्त सांडपाणी येतं, प्रक्रिया पुरी होत नाही, आणि खाडी व समुद्र मरतोय, अशी तक्रार होती. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले. हे गुण जितके जास्त तितकं वाईट, आणि ७० च्या वर गेलं की क्षेत्र अतिप्रदूषित धरतात. आपण देशात पहिले आलो होतो. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक उद्योगांकडून मिळून सुमारे १६० कोटी रुपये भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. सीईटीपी चालवणारी संस्था आणि एमआयडीसी यांनाही जबाबदार धरलं. उद्योग सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले.

१६० कोटी हा आकडा वर्तमानपत्रात फार छान दिसला. मलाही छान वाटला होता. मग मैत्रिणीने विचारलं, "यातले नवापूरच्या माणसाला किती?" आणि आम्ही दोघी कागद उलटे-सुलटे करत बसलो.

या एका प्रकरणातल्या समितीच्या हिशोबाला बरेच पदर आहेत, त्या खोलात इथे शिरत नाही. त्याऐवजी प्रदूषण मंडळं देशभर रोज जे सूत्र वापरतात ते बघू. तारापूरमधल्या एखाद्या कारखान्याला उद्या नोटीस आली तर ती याच सूत्राने येण्याची शक्यता जास्त. लवादाच्या सांगण्यावरून केंद्रीय मंडळाने ते तयार केलं आणि २०१९ मध्ये लवादाने ते उचलून धरलं. सूत्र असं:

भरपाई = प्रदूषण निर्देशांक × नियमभंगाचे दिवस × रुपयांचा गुणक × कारखान्याच्या आकाराचा गुणक × स्थानाचा गुणक

निर्देशांक लाल वर्गातल्या उद्योगाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. रुपयांचा गुणक १०० ते ५०० मध्ये कुठेही, सुचवलेला २५०. आकाराचा गुणक सूक्ष्म आणि लघुउद्योगाला ०.५, मध्यमला १, मोठ्याला १.५. स्थानाचा गुणक शहराच्या लोकसंख्येवरून, दहा लाखांच्या आत असेल तर १, एक कोटी किंवा जास्त असेल तर २. शिवाय दिवसाला किमान ५,००० रुपये.

चला, करून बघू. तारापूरमधला लाल वर्गातला एक मोठा काल्पनिक कारखाना घेऊ. ८० × १ दिवस × २५० × १.५ × १ = ३०,००० रुपये. एका दिवसाचे. शंभर दिवसांचे तीस लाख. हाच कारखाना मुंबईत असता तर दिवसाला ६०,०००, कारण मुंबईत माणसं जास्त. छोटा कारखाना असेल तर तारापूरला दिवसाला १०,०००.

आता कृपा करून सूत्र परत एकदा वाचा आणि मला सांगा, त्यात काय नाही?

नुकसान नाही. किती मासे मेले, खाडीच्या तळातल्या गाळात काय साचलं, विहिरीचं पाणी प्यायच्या लायकीचं राहिलं का, जाळं रिकामं आलं तर किती दिवस, यांतलं एकही अक्षर सूत्रात नाही. सोडलेल्या पाण्याचं प्रमाणही नाही. दिवसाला दहा हजार लिटर सोडणारा आणि दहा लाख लिटर सोडणारा, दोघे "मोठे" असतील तर दोघांना सारखंच बिल. आणि ज्याच्या हक्काबद्दल जिनिव्हापासून दिल्लीपर्यंत एवढं लिहिलं गेलं, तो माणूस फक्त स्थानाच्या गुणकात लोकसंख्या म्हणून येतो. तिथेही तो खेड्यातला असल्यामुळे १ च आहे.

या स्थानाच्या गुणकाचा मला खरोखर राग येतो, म्हणून त्यावर जरा थांबते. हवेच्या प्रदूषणाला लोकसंख्येचा निकष समजू शकते. जास्त फुप्फुसं, जास्त नुकसान. पण पाण्याच्या प्रदूषणात, त्यातही समुद्रात सोडलेल्या पाण्यात, जवळच्या शहराची लोकसंख्या काय सांगते? किनाऱ्यावर वस्ती विरळ असते, आणि त्या विरळ वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचं पोट त्याच पाण्यावर असतं. दहा लाखांच्या शहरात समुद्र खराब झाला तर बहुतेक लोक बाजारात दुसरीकडचा मासा घेतील. नवापूरचा माणूस दुसरा समुद्र कुठून आणणार? पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित भागाला सूत्रात २ चा गुणक सुचवला आहे, आणि शेजारचा डहाणू तालुका १९९१ पासून तसा नाजूक म्हणून अधिसूचित आहे. अतिप्रदूषित क्षेत्रांचा विचार मात्र मूळ सूत्रात पुढे करू म्हणून सोडून दिला. म्हणजे देशात पहिल्या आलेल्या ९३.६९ या आकड्याला या गुणाकारात जागाच नाही. एका मंडळाने दोन आकडे तयार केले, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

दिवसांचंही बघा. नियमभंगाचे दिवस म्हणजे नियमभंग आढळला त्या दिवसापासून मंडळाने पूर्तता तपासली त्या दिवसापर्यंत. "आढळला" हा शब्द महत्त्वाचा. नमुना घेतला नाही तोवर काही आढळत नाही. वर्षातून मोजके नमुने घेतले तर दोन नमुन्यांच्या मधले महिने कायद्याच्या नजरेत स्वच्छच असतात.

इथे सीओडीचं राहिलेलं उत्तर देते, कारण वकिलांना पुढच्या वादात ते उपयोगी पडेल. सीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय (आणि काही असेंद्रिय) द्रव्यं रासायनिक पद्धतीने जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. सीईटीपीसाठी मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम. हे माप स्वस्त आहे, दोन-तीन तासांत होतं, म्हणून सगळे वापरतात. पण ते रेणूचं नाव सांगत नाही. साखरेच्या पाण्याचा आणि कीटकनाशकाच्या पाण्याचा सीओडी सारखा असू शकतो. माशाला फरक पडतो, उपकरणाला पडत नाही.

दुसरं म्हणजे, २५० ही तीव्रता आहे, भार नव्हे. २५ दशलक्ष लिटर पाणी बरोब्बर २५० मिलिग्रॅमने, म्हणजे पूर्णपणे नियमात राहून सोडलं, तरी समुद्रात दिवसाला ६,२५० किलो सीओडी जातो. क्षमता दुप्पट केली की नियमात राहूनच साडेबारा हजार किलो. आणि तीव्रता कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाणी मिसळणं. आकडा मर्यादेत येतो, समुद्राला जायचं ते तेवढंच जातं. कायदा तीव्रता आणि दिवस मोजतो, समुद्राला भार पोचतो. या दोन वाक्यांमध्ये मच्छीमारांचा सगळा खटला अडकला आहे, असं माझं मत आहे.

मग सूत्र वाईटच का? नाही, तितकं सरळ नाही. सूत्राची बाजूही मांडायला हवी. प्रत्येक प्रकरणात नुकसान सिद्ध करत बसलो तर दहा वर्षं जातील, तोवर कारखाना नाव बदलून दुसरीकडे जाईल. सूत्रामुळे अधिकाऱ्याच्या मर्जीला लगाम बसतो, निकाल लवकर होतो, आणि कारखानदाराला आधीच कळतं की चूक केली तर काय किंमत पडेल. दंड म्हणून हे सूत्र चालेल. ३०,००० रुपये दिवसाला हा धाक पुरेसा आहे का, हा वेगळा वाद.

माझी हरकत त्याला "भरपाई" म्हणण्यावर आहे. आणि इथे २०२४-२५ मधले दोन निकाल येतात, जे तारापूरमधल्या वकिलांनी शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला बेंझो केमचा, नोव्हेंबर २०२४ चा. महाराष्ट्रातल्याच रासायनिक उद्योगावर हरित लवादाने २५ कोटी रुपये लावले होते, कंपनीच्या उलाढालीकडे बघून. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. उलाढालीचा आणि प्रदूषणाच्या दंडाचा काही संबंध नाही, असं म्हटलं. शास्त्राच्या बाजूने बघितलं तर हे मला अर्धं पटतं. उलाढाल म्हणजे नुकसान नव्हे. सोन्याचा व्यापारी शंभर कोटी फिरवेल आणि एक थेंबही सोडणार नाही. पण उरलेलं अर्धं पटत नाही. १९८६ मध्ये याच न्यायालयाने दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या प्रकरणात सांगितलं होतं, की धोकादायक उद्योगाची भरपाई त्या उद्योगाच्या व्याप्ती आणि ऐपतीच्या प्रमाणात हवी, नाहीतर तिला धाकच राहणार नाही. आणि २०१८ मध्ये पुण्यातल्या गोयल गंगा बिल्डरच्या प्रकरणात १०० कोटी किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, जे जास्त असेल ते, असा आदेश न्यायालयाने स्वतःच दिला होता. ऐपत मोजायची की नाही, यावर सगळी खंडपीठं एका सुरात बोललेली नाहीत. एका खंडपीठाचं मत हाती घेऊन "आता हा प्रश्न संपला" असं कोणी सांगत असेल तर सावध राहा.

दुसरा निकाल ४ ऑगस्ट २०२५ चा, दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती आणि लोधी प्रॉपर्टी यांच्यातला. प्रदूषण मंडळांना जल आणि वायू कायद्यांखाली स्वतःहून पैसे लावता येतात का, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, येतात. मात्र शिक्षा म्हणून नव्हे, तर झालेलं नुकसान भरून काढण्यासाठी किंवा होऊ घातलेलं टाळण्यासाठी, आणि त्याचे नियम रीतसर केल्यानंतर. प्रत्येक नियमभंग भरपाईला पात्र होत नाही. नुकसान झालेलं असावं किंवा होण्याचा धोका असावा, हा फरक निकालात स्पष्ट आहे.

बहुतेक टिपणांमध्ये या निकालाचं स्वागत झालं. मंडळांचे हात बळकट झाले, वगैरे. तेही खरं आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांचा आर्थिक दंड आणला, त्यानंतर मंडळांकडे काहीतरी दात हवेच होते. पण मी हे रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून वाचते, आणि मला वेगळंच दिसतं. लोधी निकालाने पैशाला नाव दिलं नुकसानभरपाईचं. हातातलं सूत्र आहे नुकसान न मोजणारं. हे दोन्ही एकत्र किती दिवस टिकतील? उद्या एखादा हुशार वकील कारखान्याच्या बाजूने उभा राहील आणि विचारेल, "माझ्या अशिलाने तीस लाखांचं नेमकं काय नुकसान केलं ते दाखवा." मंडळाकडे गुणाकार असेल, नुकसानाचा कागद नसेल. आणि मच्छीमारांच्या बाजूचा वकीलही हाच प्रश्न उलट्या दिशेने विचारू शकतो. सूत्रातून आलेले तीस लाख म्हणजे माझ्या लोकांचं नुकसान भरून निघालं, असं कसं म्हणता?

पहिला प्रश्न विचारला जाणार हे नक्की. दुसरा विचारला जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे. आणि ती फक्त न्यायालयांबद्दल नाही.

हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात कलम १५ आहे. पीडितांना दिलासा आणि भरपाई, मालमत्तेचं नुकसान, आणि पर्यावरणाचं पुनरुज्जीवन या तीन वेगळ्या गोष्टी तिथे वेगळ्या लिहिल्या आहेत. दुसऱ्या अनुसूचीत भरपाई कशाकशाची मागता येते त्याची यादी आहे. त्यात जलचरांची हानी आहे. व्यवसाय किंवा रोजगार बुडणं आहे. माती, हवा, पाणी, परिसंस्था आहे. म्हणजे नवापूरच्या माणसाला जे मागायचं ते सगळं कायद्याने आधीच लिहून ठेवलंय. तरी प्रकरणं उभी राहतात ती बहुधा "प्रदूषण थांबवा, दोषींवर कारवाई करा" अशी. मग भरपाई ठरते ती पर्यावरणाच्या नुकसानीची, आणि कलम २४ नुसार अशी रक्कम पर्यावरण मदत निधीत जमा होते. होडीच्या मालकाकडे, खलाशाकडे किंवा मासळी विकणाऱ्या बाईकडे त्यातून वाट जात नाही. ज्याने तक्रार केली, त्याचा हक्क सिद्ध झाला आणि पैसे दुसरीकडे गेले.

हक्क मोजका असतो तेव्हा वकील दिलाशाचा तपशील नीट लिहितात. हक्क भव्य झाला की अर्जाची दहा पानं अनुच्छेद २१ आणि संयुक्त राष्ट्रांत जातात, आणि मागणीचं कलम अर्ध्या पानात उरकतं. हे वाचून काही वकील मित्र रागावतील. रागवा, पण पुढच्या अर्जात दुसरी अनुसूची उघडा.

मुदतीचाही सापळा आहे. कलम १५ खाली दावा पाच वर्षांत करायचा, आणि पाच वर्षं मोजायची कारण "पहिल्यांदा" उद्भवलं तेव्हापासून. फार तर साठ दिवसांची सवलत. स्फोट झाला तर तारीख माहीत असते. पण समुद्र कोणत्या तारखेला खराब झाला? हळूहळू साचणाऱ्या नुकसानीला हा शब्द अन्यायाचा आहे. त्यामुळे चालू असलेल्या सोडण्यातून रोज नवीन कारण उद्भवतं, हे अर्जातच तारखा देऊन मांडावं लागेल, आणि त्यासाठी पुन्हा मोजमाप लागेल.

तर मोजमापाकडे येते. सिद्ध करण्याचा भार कोणावर? १९९६ च्या वेल्लोर निकालापासून तत्त्व असं आहे, की आपली कृती पर्यावरणाला घातक नाही हे उद्योगाने दाखवायचं. पण प्रत्यक्षात मच्छीमारालाच विचारतात, "मासळी कमी झाली याचा पुरावा काय? आणि ती प्रदूषणानेच कमी झाली कशावरून?" हा दुसरा प्रश्न खोडसाळ वाटला तरी शास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे. पापलेट कमी व्हायला इतरही कारणं आहेत. लहान पिल्लं पकडली जातात, जाळ्याचे आस बारीक झाले, मोठ्या यांत्रिक बोटी वाढल्या, समुद्राचं तापमान बदलतंय. "सगळं एमआयडीसीमुळे" असं म्हटलं की समोरचा वकील यातलं एक कारण काढतो आणि अख्खा दावा डळमळतो.

यासाठी पर्यावरणशास्त्रात एक साधी रचना वापरतात. दोन जागा घ्या, एक बाधित आणि एक सांडपाण्यापासून दूर, बाकी सगळं शक्य तितकं सारखं. दोन काळ घ्या, आधीचा आणि नंतरचा. दोन्ही जागांवर मासळी कमी झाली असेल तर जाळी, बोटी, तापमान ही सामाईक कारणं. बाधित जागी जास्त कमी झाली असेल, तर तो जादाचा फरक सांडपाण्याच्या खाती टाकायला आधार मिळतो. यात "आपल्याकडेही इतर कारणं आहेत" हे नाकारावं लागत नाही, उलट ती कबूल करूनच हिशोब होतो. न्यायालयात ही प्रामाणिक भूमिका जास्त टिकेल असं मला वाटतं.

आणि त्याची आकडेवारी कुठून आणायची? ती गावातच पडलेली असते. नुसती किती किलो मासळी आली हे पुरेसं नाही, कारण मासळी कमी झाली की माणूस जास्त लांब जातो आणि वजन तेवढंच दिसतं. मेहनतीच्या मानाने किती मिळालं ते हवं. मच्छीमार सहकारी संस्थांकडे सवलतीच्या डिझेलचा हिशोब असतो, बोटीनिहाय, महिन्यानिहाय. विक्रीच्या पावत्या असतात. एका लिटर डिझेलमागे किती किलो मासळी, हा आकडा त्यातून निघतो. तो दहा वर्षांचा काढला आणि दुसऱ्या किनाऱ्यावरच्या संस्थेच्या आकड्याशेजारी ठेवला, तर आजवर या विषयावरच्या अर्जांत जे नाही ते हातात येईल. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी आणि जेव्हीएस नमुन्यांचे अहवाल माहिती अधिकारात मिळतात. त्यात तीव्रतेबरोबर पाण्याचं प्रमाण मागा, म्हणजे भार काढता येईल.

अर्ज कोणी करायचा, याबद्दल वर उल्लेख केलेला स्वित्झर्लंडचा निकाल उपयोगी आहे. त्यात चार महिलांनी वैयक्तिक तक्रारी केल्या होत्या, त्या न्यायालयाने पीडित म्हणून मान्य केल्या नाहीत. संघटनेची तक्रार मात्र मान्य केली. पसरलेल्या, सगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या नुकसानीत एकट्या माणसाला "माझंच वेगळं नुकसान" दाखवणं कठीण, हे त्यामागचं खरं दुखणं. आपल्याकडे मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्येच समाज म्हणून दार ठोठावलं होतं, स्ट्रासबर्गच्या आठ वर्षं आधी. पण आपल्या कायद्यात समाजाने दार ठोठावलं तरी कलम १५ खालची भरपाई शेवटी माणसाच्या नावाने मागावी लागते. म्हणून संघटनेचा अर्ज आणि त्याला जोडून कुटुंबनिहाय दाव्यांची यादी, असं दोन्ही लागेल. हे माझं मत आहे, वकिलांनी खोडून काढलं तर आनंदच आहे.

प्रदूषण मंडळ लोधी निकालानंतर नियम करेल तेव्हा सूत्रात निदान दोन बदल मागता येतील. दिवसांच्या जोडीला किलोमध्ये भार घ्यावा. स्थानाच्या गुणकात लोकसंख्येऐवजी त्या पाण्यावर पोट असणाऱ्यांचं प्रमाण घ्यावं. मच्छीमारांची गणना सरकार करतंच, तेव्हा हा आकडा आणायला चंद्रावर जायला नको.

ज्या वाचकांच्या घरात किंवा संस्थेत जुन्या नोंदी आहेत त्यांच्यासाठी एवढंच. सातपाटी, मुरबे, नवापूर, आणि तुलनेसाठी डहाणूच्या वरच्या किंवा वसईच्या किनाऱ्यावरच्याही चालतील. डिझेलच्या वह्या, विक्रीच्या पावत्या, २०१६ च्या आधीच्या असतील तर उत्तम. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात. जायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि बोटीचा नंबर दिसेल असा.